माग्डेबुर्गची काळी माती आणि ९.९ अब्ज युरो

जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या नैर्ऋत्येला ऑयलेनबेर्ग नावाचा एक बसका उंचवटा आहे. भोवतीचं रान काळ्याभोर मातीचं. जर्मनीतल्या सर्वांत कसदार जमिनींत त्याची गणती होते. गहू आणि साखरेचं बीट ही इथली पिकं. याच रानात इंटेल या अमेरिकी कंपनीचा चिपचा कारखाना, म्हणजे फॅब, उभा राहायचा होता. बांधकामाआधी पुरातत्त्व खात्याने जागा खणली, तेव्हा सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची दोन थडगी सापडली. आत लाकडी दफनखोल्या होत्या. शिवाय नंतरच्या काळातल्या लोकांनी बळी दिलेल्या गुरांचे सांगाडे मिळाले. ते काम उरकलं आणि मग काळ्या मातीनेच अडवलं. इतकी सुपीक माती काँक्रीटखाली गाडायला जर्मनीत परवानगी नाही. वरचा थर खरवडून काढायचा आणि दुसरीकडे कामी लावायचा, असा नियम. त्यात जर्मन सरकार देणार असलेल्या सबसिडीला युरोपीय आयोगाची मंजुरी यायची होती. बांधकामाचा मुहूर्त मे २०२५ वर गेला. त्या मेमध्येही काही झालं नाही, आणि २४ जुलै २०२५ ला इंटेलने प्रकल्प कायमचा सोडून दिल्याचं जाहीर केलं.

माती आणि थडगी ही या प्रकरणातली रंगतदार पात्रं, पण गुन्हेगार ती नव्हेत. करारावर सह्या होईपर्यंत जर्मन सरकार आणि इंटेल एकाच गोष्टीवर घासाघीस करत होते: खर्च किती वाढला आणि त्यातला सरकारने किती उचलायचा. इथे तयार होणारा माल घेणार कोण, हा प्रश्न त्या घासाघिशीच्या बातम्यांत क्वचितच दिसला. माझ्या मते प्रकल्प पडला तो तिथे.

पहिला आकडा

२०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे युरोपातले मोटारींचे कारखाने अधूनमधून बंद पडत होते. काही युरोंच्या चिपसाठी हजारो युरोंच्या गाड्या आवारात अर्धवट उभ्या. ब्रसेल्समध्ये धावपळ झाली आणि ८ फेब्रुवारी २०२२ ला युरोपीय आयोगाने चिप्स कायद्याचा मसुदा मांडला. जगातल्या चिप उत्पादनातला युरोपचा वाटा तेव्हा १० टक्क्यांच्या आसपास होता, तो २०३० पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचा, असं उद्दिष्ट ठरलं. त्यासाठी ४३ अब्ज युरोंची घोषणा झाली. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे मोबाइलवर वाचणाऱ्यांनी एकदा मनात पक्कं करून घ्यावं, पुढे शून्यं फार आहेत.)

या ४३ अब्जांत आयोगाच्या स्वतःच्या तिजोरीतला पैसा थोडाच. बहुतेक भार सदस्य देशांनी आणि कंपन्यांनी उचलायचा होता. एरवी युरोपीय संघात एखाद्या देशाने आपल्याच भूमीवरच्या कंपनीला पैसे देऊन बाजार बिघडवणं नियमात बसत नाही. चिप्स कायद्याने वाट काढली ती अशी: युरोपात आजवर नाही अशा ‘पहिल्याच प्रकारच्या’ कारखान्याला सरकारी मदत देता येईल, मात्र प्रत्येक प्रकरण आयोगाने तपासायचं. दार थोडंसंच उघडलं होतं. तेवढ्या फटीतून सर्वांत श्रीमंत देश सर्वांत आधी आत शिरला, यात नवल नाही.

१५ मार्च २०२२ ला इंटेलने माग्डेबुर्गची घोषणा केली. दोन फॅब, १७ अब्ज युरो, बांधकामाची सुरुवात २०२३ च्या पूर्वार्धात आणि उत्पादन २०२७ मध्ये. जागेचं नावही ठरलं, ‘सिलिकॉन जंक्शन’. जर्मन सरकारने ६.८ अब्ज युरो द्यायचं मान्य केलं, म्हणजे खर्चाच्या ४० टक्के.

घोषणेच्या आधी तीनच आठवडे, २४ फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता. १७ अब्जांचा अंदाज युद्धाआधीच्या भावांवर बेतलेला होता.

खर्च नेमका कुठे वाढतो

फॅबच्या खर्चाबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. युरोपात मजुरी महाग म्हणून फॅब महाग, असं सरळ गणित लोक मांडतात. प्रत्यक्षात फॅबच्या खर्चातला सर्वांत मोठा हिस्सा यंत्रांचा असतो, आणि ती तैवानमध्ये घ्या नाहीतर जर्मनीत, जवळपास त्याच भावाला मिळतात. सर्वांत बारीक रेषा कोरणारी लिथोग्राफीची यंत्रं तर नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यांच्या नव्या पिढीतल्या एका यंत्राची किंमत ३५ कोटी युरोंच्या घरात आहे.

मग फरक पडतो कुठे? अमेरिकेतली सेमीकंडक्टर उद्योग संघटना आणि बीसीजी ही सल्लागार कंपनी यांनी २०२० मध्ये एक हिशोब मांडला होता. दहा वर्षांचा बांधण्याचा आणि चालवण्याचा खर्च धरला तर अमेरिकेतली फॅब तैवान, दक्षिण कोरिया किंवा सिंगापूरमधल्या फॅबपेक्षा सुमारे ३० टक्के महाग पडते, आणि या फरकातला ४० ते ७० टक्के भाग निव्वळ सरकारी सवलतींमुळे असतो. हा हिशोब मदत मागणाऱ्या उद्योगाचाच आहे, हे विसरू नये. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आशियातल्या सरकारांनी सबसिडी दिली म्हणून तिथे स्वस्त, तिथे स्वस्त म्हणून इथल्या सरकारने सबसिडी द्यायची, आणि इथे दिली की तिथे आणखी वाढवायची. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने ५२.७ अब्ज डॉलरचा स्वतःचा चिप्स कायदा मंजूर केला, तेव्हा हा लिलाव जगभर सुरू झाला.

माग्डेबुर्गच्या वाट्याला याखेरीज युरोपची स्वतःची महागाई आली. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपातला गॅसचा भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला आणि पाठोपाठ जर्मनीतली विजेची पुढच्या वर्षाची बोली काही काळ १,००० युरोंवर चढली. फॅब चोवीस तास चालते, कारण शुद्ध हवेचे पंखे आणि थंडाव्याची यंत्रणा एक दिवसही थांबवता येत नाही. विजेचा भाव हा तिथे रोजचाच खर्च. त्याच वर्षी जर्मनीतल्या घरबांधणीचे भाव १६ टक्क्यांच्या आसपास वाढले. व्याजाचं तर विचारूच नका. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरचा दर जुलै २०२२ पर्यंत शून्याच्याही खाली होता, तो सप्टेंबर २०२३ मध्ये ४ टक्क्यांवर पोहोचला. चार-पाच वर्षं पैसा अडकवून मगच पहिला वेफर (जिच्यावर चिप कोरतात ती सिलिकॉनची चकती) देणाऱ्या धंद्याला ही दरवाढ सर्वांत जास्त झोंबते.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास: कोविडकाळात घरोघरी घेतलेल्या संगणकांची खरेदी ओसरली आणि २०२२ मध्ये जगभरातली पीसीची विक्री साधारण १६ टक्क्यांनी घसरली. इंटेलचं पोट तर त्यावरच. कंपनीने बर्लिनला कळवलं की ६.८ अब्ज पुरणार नाहीत, १० अब्जांच्या आसपास हवेत.

१९ जून २०२३

अर्थमंत्री ख्रिस्तियान लिंडनर जाहीरपणे सांगत होते की अंदाजपत्रकात आणखी पैसा नाही. चान्सलर ओलाफ शोल्झ यांना मात्र प्रकल्प हवा होता. शेवटी १९ जूनला बर्लिनमध्ये सह्या झाल्या. शोल्झ आणि इंटेलचे प्रमुख पॅट गेलसिंगर दोघेही हजर होते. गुंतवणूक ३० अब्ज युरोंहून जास्त, सरकारी मदत ९.९ अब्ज.

हे आकडे जरा उलटेसुलटे करून पाहू, कारण टीकाकार आणि समर्थक दोघांनीही त्यातले सोयीचे तेवढेच उचलले.

मदतीची रक्कम वाढली, पण प्रमाण ४० टक्क्यांवरून ३३ वर आलं. वाढलेल्या १३ अब्जांच्या गुंतवणुकीवर सरकारने फक्त ३.१ अब्ज जास्त दिले, म्हणजे रुपयाला चोवीस पैसे. कागदावर सौदा वाईट नव्हता; शोल्झ यांच्या माणसांनी चांगली घासाघीस केली असंच म्हणायला हवं. शिवाय ३० अब्ज ही सगळी महागाई नव्हती. मूळ आराखड्यापेक्षा पुढच्या पिढीचं तंत्रज्ञान आणि मोठा आवाका त्यात धरला होता. महागलेली जुनी वस्तू आणि नवी, मोठी वस्तू एकाच आकड्यात मिसळली, आणि मग महागाई किती व महत्त्वाकांक्षा किती, हे बाहेरच्या माणसाला वेगळं काढता येईना.

दुसरा हिशोब वर्तमानपत्रांना आवडणारा. कायमच्या नोकऱ्या ३,०००, मदत ९.९ अब्ज, म्हणजे एका नोकरीमागे ३३ लाख युरो, तेव्हाच्या दराने जवळजवळ ३० कोटी रुपये. हालेच्या आर्थिक संशोधन संस्थेचे प्रमुख राइंट ग्रॉप यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या मदतीवर सडकून टीका केली. पण नोकऱ्यांच्या मापाने फॅब मोजणं मला पटत नाही. फॅब ही रोजगार हमी योजना नव्हे. सरकारचा दावा होता पुरवठ्याच्या सुरक्षेचा, तेव्हा तपासायचा तर तोच तपासायला हवा.

आणि तिथे घोडं पेंड खातं. २०२१ मध्ये युरोपात कोणत्या चिप कमी पडल्या? मोटारी आणि यंत्रसामग्रीत लागणाऱ्या, बहुतेक जुन्या पिढ्यांच्या. माग्डेबुर्गमध्ये काय बनणार होतं? इंटेलच्या भाषेत ‘अँग्स्ट्रॉम युगातल्या’ चिप, म्हणजे संगणक, सर्व्हर आणि प्रगत प्रोसेसरच्या कामाच्या. त्यांचे मोठे खरेदीदार प्रामुख्याने अमेरिकेत आणि आशियात. जर्मन मोटार उद्योगाची तहान भागवण्यासाठी खणलेल्या विहिरीला त्याला लागणारं पाणी येणारच नव्हतं.

पैसा कुणाच्या खिशातून

जर्मन सरकारने चिपच्या मदतीसाठी ‘हवामान आणि परिवर्तन निधी’ नावाची अंदाजपत्रकाबाहेरची थैली वापरायचं ठरवलं होतं. १५ नोव्हेंबर २०२३ ला कार्ल्सरूह इथल्या घटनात्मक न्यायालयाने या थैलीत कोविडकाळातले वापरायचे राहिलेले ६० अब्ज युरो ओतणं घटनाबाह्य ठरवलं. सरकार म्हणत राहिलं की इंटेलचा शब्द पाळला जाईल. पण कर्जावर घटनेचा लगाम असलेल्या देशात दहा अब्जांचा शब्द टिकवायचा तर दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

१६ सप्टेंबर २०२४ ला इंटेलने प्रकल्प साधारण दोन वर्षं थांबवत असल्याचं सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी लिंडनर म्हणाले, आता हे पैसे अंदाजपत्रकातली भोकं बुजवायला वापरा. अर्थव्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक यांचा त्याला विरोध. इंटेलला एक युरोही दिलेला नव्हता, युरोपीय आयोगाची मंजुरीही आली नव्हती, आणि न दिलेल्या पैशांवरून मंत्रिमंडळात जुंपली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंदाजपत्रकाच्याच वादात शोल्झ यांची आघाडी मोडली. इंटेल हे त्याचं कारण नव्हे, पण त्या भांडणातलं एक पान नक्कीच.

इंटेलच्या घरात

आतापर्यंत कथा सरकारची झाली. कंपनीची बाजू त्याहून साधी आणि जास्त वाईट आहे.

गेलसिंगर २०२१ मध्ये आले ते इंटेलला दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारा कारखानदारही करायचं ठरवून. तैवानची टीएसएमसी जे करते ते आपणही करू, आणि त्यासाठी आधी फॅब बांधू, म्हणजे गिऱ्हाइकं येतील. ॲरिझोना, ओहायो, आयर्लंड, माग्डेबुर्ग, पोलंडमध्ये व्रोत्सवाफजवळ चिपची जुळणी आणि चाचणी, इस्रायल. सगळीकडे एकाच वेळी. २०२३ मध्ये इंटेलच्या कारखानदारी विभागाला ७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. आयर्लंडमधल्या लेक्सलिपची फॅब ३४ मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये खरोखर चालू झाली. यंत्रं बसली, वेफर निघाले. आणि पुढच्याच वर्षी इंटेलने तिच्याशी संबंधित कंपनीतला ४९ टक्के हिस्सा अपोलो या गुंतवणूक कंपनीला ११ अब्ज डॉलरला विकला. चालू फॅब गहाण टाकल्यागत करून पैसा उभा करणारी कंपनी माग्डेबुर्गमध्ये स्वतःचे वीस अब्ज युरो कुठून घालणार, हा प्रश्न तेव्हाच विचारण्याजोगा होता. ९.९ अब्ज सरकार देणार. उरलेले दोन तृतीयांश इंटेललाच आणायचे होते.

१ ऑगस्ट २०२४ ला तिमाहीचा निकाल आला: १.६ अब्ज डॉलर तोटा, १५ हजारांहून जास्त लोकांची कपात, लाभांश बंद. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के कोसळला. सहा आठवड्यांत माग्डेबुर्ग आणि पोलंड थांबले. डिसेंबरमध्ये गेलसिंगर गेले. २०२४ या अख्ख्या वर्षाचा तोटा १८.८ अब्ज डॉलर निघाला. मार्च २०२५ मध्ये आलेले नवे प्रमुख लिप-बू तान यांनी जुलैत कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात सांगून टाकलं की कंपनीने पुरेशी मागणी नसताना फार लवकर, फार जास्त पैसा घातला. पुढच्या पिढीची क्षमता आता गिऱ्हाइकांनी पक्का शब्द दिल्यावरच उभी राहील, असंही त्यात होतं. जर्मनी आणि पोलंड रद्द. ओहायो आणखी सावकाश.

दोनशे किलोमीटरवर

माग्डेबुर्गहून आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर ड्रेस्डेन. पूर्व जर्मनीच्या काळापासून तिथे चिपचं काम चालतं. इन्फिनियन, बॉश, ग्लोबलफाउंड्रीज यांचे कारखाने आधीपासून आहेत. शिकलेला तंत्रज्ञ, अतिशुद्ध रसायनांचा पुरवठादार, यंत्र बिघडलं तर तासाभरात येणारा माणूस, सगळं हाताशी. ऑगस्ट २०२३ मध्ये टीएसएमसीने तिथे ईएसएमसी नावाची कंपनी काढायचं जाहीर केलं. खर्च १० अब्ज युरोंहून जास्त, जर्मन सरकारची मदत ५ अब्ज. २० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, आणि त्याच दिवशी युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी आयोगाची मंजुरीही जाहीर केली.

प्रमाण पाहा: सुमारे ५० टक्के. टक्केवारीत इंटेलपेक्षा कितीतरी उदार. तरी या मदतीवर तितकी बोंबाबोंब झाली नाही, आणि बांधकाम चालू झालं. फरक मालकीत आहे. ७० टक्के टीएसएमसी, आणि बॉश, इन्फिनियन व एनएक्सपी यांचे प्रत्येकी १० टक्के. ज्यांना चिप घ्यायच्या आहेत तेच भागधारक. बनणार आहेत २८/२२ आणि १६/१२ नॅनोमीटरच्या चिप, महिन्याला ३०० मिलिमीटरचे ४०,००० वेफर. मोटारी आणि कारखान्यांना लागतो तोच माल.

यात खोट नाही असं नव्हे. हे तंत्रज्ञान जगाच्या आघाडीपासून काही पिढ्या मागे आहे, आणि अशा चिपची किंमत कमी असल्याने २० टक्क्यांच्या उद्दिष्टाला त्यांचा हातभार तोकडा. युरोपीय लेखापरीक्षकांनी एप्रिल २०२५ मध्ये ते उद्दिष्टच गाठणं फार अवघड ठरवलं. आयोगाच्याच अंदाजाने युरोपचा वाटा २०२२ मधल्या ९.८ टक्क्यांवरून २०३० पर्यंत ११.७ टक्क्यांवर जाईल. सुरुवातीची घोषणा ४३ अब्जांची होती, पण २०३० पर्यंत चिप्स कायद्याखाली अंदाजलेल्या एकूण ८६ अब्ज युरोंपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास रक्कम आयोगाच्या हातात आहे, हेही त्याच अहवालात आहे. उद्दिष्ट ब्रसेल्सचं, पाकीट बर्लिन-पॅरिसचं, आणि निर्णय सांता क्लाराचा, म्हणजे इंटेलच्या मुख्यालयाचा.

बाकीच्या ठिकाणांची कथा थोडक्यात. फ्रान्समधल्या क्रोलमध्ये एसटीमायक्रो आणि ग्लोबलफाउंड्रीज यांचा ७.५ अब्ज युरोंचा प्रकल्प २.९ अब्जांची मदत मंजूर होऊनही रखडला. जर्मनीच्या सारलांडमधल्या एन्सडॉर्फच्या चिप प्रकल्पातून आधी मोटारींचे भाग बनवणारी झेडएफ बाहेर पडली, मग अमेरिकेच्या वोल्फस्पीड या चिप कंपनीनेही हात वर केले. ती कंपनी जून २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचताना तळेगाव आठवणारच. इंटेल बर्लिनकडे जास्त पैसे मागायच्या बेतात होती त्याच सुमारास, सप्टेंबर २०२२ मध्ये, १ लाख ५४ हजार कोटींचा वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला. आपल्याकडे महिनोन्‌महिने वाद झाला तो कुणी किती सवलत दिली आणि कुणामुळे गेला यावर. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन भागीदारीतून बाहेर पडली, तेव्हा तंत्रज्ञान देणाऱ्या भागीदाराशी बोलणी अडल्याच्या बातम्या होत्या. ज्या प्रकल्पाच्या जाण्यावरून आपण भांडलो, तो पोहोचला कुठेच नाही.

माग्डेबुर्गच्या करारावर सही करणाऱ्यांना मी मूर्ख ठरवणार नाही. २०२२ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीकडे बघून ज्याला भीती वाटली नसेल असा युरोपीय मंत्री विरळा. इंटेलही तेव्हा सांगत होती की गिऱ्हाइकं येतायत. पण ५ अब्जांच्या ड्रेस्डेनमध्ये खरेदीदारांनी स्वतःचा पैसा घातला होता आणि ९.९ अब्जांच्या माग्डेबुर्गमध्ये बाहेरच्या एकाही खरेदीदाराने भांडवल घातलं नव्हतं, ही माहिती दोन्ही वेळा टेबलावरच होती. सरकारने मोजली ती खर्चातली खोट. मागणीतली खोट मोजायला त्या करारात रकानाच नसावा.

ड्रेस्डेनमध्ये उत्पादन २०२७ च्या अखेरीस सुरू व्हायचं आहे. ऑयलेनबेर्गवरच्या पहिल्या वेळापत्रकातही तेच साल होतं.